कुटुंब सर्वेक्षणाला निघालात? या चुका टाळा

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमामुळे (यात विद्यार्थी गावातली काही कुटुंबं वाटून घेऊन त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवतात) एमबीबीएसची मुलं आता पहिल्या वर्षापासूनच गावात जातात. सातारा-सांगलीकडच्या गावांतून आलेले फॉर्म तपासताना त्याच त्या चुका सापडतात. आणि एकही रकाना रिकामा नसलेला फॉर्म दिसला की मला आधी शंकाच येते.

पहिली गफलत माणसं मोजण्यात. रेशनकार्डावर सात नावं आहेत म्हणून सात लिहू नका. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असतील, तर ती दोन कुटुंबं. विटा-आटपाडीकडे घरातला कर्ता गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यापायी परराज्यात असतो, यात्रेला नाहीतर दिवाळीला येतो. त्याला धरायचं की नाही, हे गावात शिरण्याआधी ठरवा आणि सगळ्यांनी एकच नियम पाळा. ऊसतोडीच्या हंगामात शिवारातल्या कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या, तर गावच्या यादीतच नसतात. लस चुकलेली पोरं बऱ्याचदा तिथंच भेटतात, तेव्हा तिकडेही जा.

सकाळी अकराला दाराला कुलूप, कारण बाया शेतात भांगलायला (तण काढायला) गेलेल्या. मग शेजारचं घर भरून मोकळं व्हायचं? तसं केलंत तर तुमच्या गावात नुसती म्हातारी माणसंच उरतील! संध्याकाळी परत जा.

आता तंबाखू. इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. "तंबाखू खाता का?" "न्हाई बाई, आपल्याला कसलंच यसन न्हाई." झालं, रकान्यात 'नाही'. आणि मागं चुलीवर तव्यात मशेरी (दातांना लावायची भाजलेली तंबाखू) भाजतेय, तिचा खाट, म्हणजे घसा धरणारा धूर, उठलाय, विचारणारा स्वतःच खोकतोय. बाई खोटं बोललेली नाही. तिच्या लेखी ते दात घासणं आहे. तेव्हा असं विचारा, "मावशी, दात कशानं घासता? दिवसातनं किती वेळा?" मशेरी नुकतीच लावली असेल तर लगेच बीपीचा पट्टा बांधू नका. अर्धा तास जाऊ द्या, पाच मिनिटं टेकून बसवा, मग दोनदा मोजा.

वयाच्या रकान्यात ५०, ६०, ७० अशीच वयं ओळीनं आली, तर ती अंदाजपंचे आहेत. आधार कार्डावरही विसंबू नका; तिथली १ जानेवारी ही तारीख पुष्कळदा अशीच टाकलेली असते. कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७) किंवा १९७२चा दुष्काळ आठवतो का, तेव्हा शाळेत होता की लग्न झालं होतं, हे विचारा.

उत्पन्न चारचौघांत विचारू नका. उसाचं बिल वर्षाचं असतं, महिन्यावर आणताना बाराने भागा. संडास 'आहे' लिहिण्याआधी आत शेणी (गोवऱ्या) रचलेल्या नाहीत ना, तेवढं बघा.

बीपी १७० वर १०० आलं आणि आकडा लिहून तुम्ही पुढच्या घरी गेलात, हे मात्र चालणार नाही. तिथल्या तिथं त्यांना सांगा, आरोग्य केंद्राची चिठ्ठी द्या, आशाताईंच्या कानावर घाला आणि पुढच्या भेटीला आधी त्याच घरी जा.