अकरावीचे अकाउंट्स : माटोळीच्या बाजारापासून ताळेबंदापर्यंत

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून आलेली मुले अकरावीला कॉमर्स घेतात आणि पहिल्या आठवड्यातच डेबिट-क्रेडिटपाशी अडतात. मी त्यांना आधी घरचे दोन शब्द देते : नावे आणि जमा. उधारीवर साखर नेणारे गिऱ्हाईक पोसऱ्यावर, म्हणजे वाण्याच्या दुकानात, म्हणते, ‘माझ्या नावावर मांडा.’ डेबिट म्हणजे तेच नावे, आणि क्रेडिट म्हणजे जमा. परीक्षेत लिहायचे इंग्रजीतूनच, पण आधी समजू द्या.

एक वही, पेन्सिल आणि पट्टी घ्या. टॅली वगैरे हिशेबाची सॉफ्टवेअर नंतर. मग डोळ्यांसमोर खराखुरा धंदा आणा. माझ्या वर्गात आम्ही चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचे, सामान विकायला बसणाऱ्या बाईचा हिशेब मांडतो : नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे.

पहिली पायरी : धंदा आणि मालक वेगळे करा. बाईंनी स्वतःचे ५,००० रुपये घातले. मुले विचारतात, पैसे तिचेच, मग भांडवल जमेला का? कारण वही बाईंची नाही, धंद्याची आहे. धंद्याकडे रोख आली म्हणून रोख नावे. ती बाईंनी दिली, धंदा त्यांचे देणे लागतो, म्हणून भांडवल जमा. इथे घाई करू नका, दोन तास गेले तरी चालतील.

दुसरी पायरी रोजकीर्दीची (जर्नल), म्हणजे व्यवहार घडतील तसे लिहायच्या वहीची. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. नियम तीनच. व्यक्तीचे खाते : घेणारा नावे, देणारा जमा. मालमत्तेचे खाते : येते ते नावे, जाते ते जमा. उत्पन्न-खर्चाचे खाते : खर्च व तोटे नावे, उत्पन्न व नफा जमा. आता लिहा :

रोख खरेदी ३,००० : खरेदी नावे, रोख जमा.
घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीने माल १,२०० : खरेदी नावे, व्यापारी जमा.
रोख विक्री ४,५०० : रोख नावे, विक्री जमा.
शेजारणीला उधार ३०० : शेजारीण नावे, विक्री जमा.
बाजारात बसण्याचा सोपो (जागेचे शुल्क) २०० : सोपो नावे, रोख जमा.
घरच्या बाजारहाटासाठी काढलेले ५०० : उचल नावे, रोख जमा.

शेवटची नोंद मुले हमखास खर्चात टाकतात. घरचा खर्च धंद्याचा नव्हे, ती मालकाची उचल. आणि गिऱ्हाइकाने क्यूआर कोडवर पैसे दिले तर ते रोखीत धरू नका, बँक खाते वेगळे उघडा.

बँकेवरून आठवले. तुम्ही २,००० रुपये भरलेत की पासबुकात क्रेडिट दिसते, आणि मुले म्हणतात, ‘टीचर, पैसे आले म्हणजे क्रेडिट.’ हा गैरसमज वर्षभर छळतो. पासबुक ही बँकेच्या वहीतल्या तुमच्या खात्याची नक्कल आहे. तुम्ही दिलेत, बँक तुमचे देणे लागते, म्हणून तिच्याकडे तुम्ही जमेला. तुमच्या वहीत मात्र बँक घेणारी, म्हणून बँक नावे. दोन्ही वह्या शेजारी ठेवून दाखवा, लगेच पटते.

तिसरी पायरी खतावणी, म्हणजे रोजकीर्दीतल्या नोंदी खातेवहीत (लेजर) उतरवणे. प्रत्येक खात्याला वेगळे पान, डावीकडे नावे, उजवीकडे जमा. काम यांत्रिक आहे, फक्त प्रत्येक नोंद उतरवली की रोजकीर्दीत खातेवहीचे पान लिहा. रोख खात्यात ९,५०० आले, ३,७०० गेले, शिल्लक ५,८००.

चौथी पायरी तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स : सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी. नावे बाजूला रोख ५,८००, खरेदी ४,२००, शेजारीण ३००, सोपो २००, उचल ५०० : एकूण ११,०००. जमा बाजूला भांडवल ५,०००, व्यापारी १,२००, विक्री ४,८०० : तेही ११,०००. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये ही द्विनोंदी, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन बाजूंनी लिहायची, पद्धत छापून मांडली, तेव्हापासून ही दोन्ही बाजूंची जुळणी तशीच चालत आली आहे.

जुळली नाही तर रक्कम ओढून-ताणून बसवू नका. फरक काढा. त्याला ९ ने भाग गेला तर आकडे उलटसुलट झाले असावेत : ५,८०० ऐवजी ८,५०० लिहिले तर फरक २,७००. नाहीतर फरकाची निम्मी रक्कम शोधा. सोपोचे २०० जमेला गेले तर फरक ४०० पडतो. मात्र तेरीज जुळली म्हणून सगळे बरोबर असे नाही. एखादा व्यवहार मुळातच लिहायचा राहिला, तरी ती जुळतेच. म्हणून व्यवहारांची यादी पुन्हा एकदा बोट ठेवून वाचा.

आता शेवट. ३५० रुपयांचे नारळ उरले. ते खरेदी किमतीने धरा, बाजारभाव कमी असेल तर बाजारभावाने. विक्री ४,८०० आणि शिल्लक माल ३५० मिळून ५,१५०; त्यातून खरेदी ४,२०० आणि सोपो २०० वजा केले की नफा ७५०. रोख मात्र ८०० ने वाढली, तीही उचल वजा जाऊन. रोख आणि नफा या वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलांना इथे पहिल्यांदा दिसते, आणि मला हा तास फार आवडतो. ताळेबंदात (बॅलन्स शीट) एकीकडे रोख ५,८००, शेजारणीकडून येणे ३००, माल ३५०. दुसरीकडे व्यापाऱ्याचे देणे १,२०० आणि भांडवल ५,००० अधिक नफा ७५० वजा उचल ५००, म्हणजे ५,२५०. दोन्हीकडे ६,४५०.