गॅस किट लावायच्या आधी, ट्रेलर ओढायचा असेल तर

घरच्या पेट्रोल गाडीला एलपीजी करून मागे ट्रेलर किंवा कॅरॅव्हॅन जोडायचा विचार असेल तर किटचं कोटेशन मागवायच्या आधी एवढं वाचा. नुसतं फिरण्यासाठी गॅस करणं वेगळं आणि ओझं ओढण्यासाठी गॅस करणं वेगळं, आणि फिटर लोक बहुतेक वेळा पहिलंच डोक्यात धरून काम करतात. रिकामी गाडी, सपाट रस्ता, पंधरा मिनिटांची टेस्ट आणि चावी तुमच्या हातात. मग तुम्ही मागे हजार किलो जोडून घाट चढायला लागता आणि घोडं तिथेच पेंड खातं.

सगळ्यात आधी गाडीची वजनाची प्लेट शोधा. दाराच्या खांबावर नाहीतर बॉनेटखाली असते, गाडीचं जास्तीत जास्त वजन, गाडी आणि ट्रेलर मिळून वजन, अॅक्सलवरचे आकडे असं त्यावर किंवा गाडीच्या पुस्तकात मिळतं, ते लिहून घ्या. किट बसवलं म्हणून ओढायची मर्यादा वाढत नाही, उलट टाकी, तिची फ्रेम, पाइप आणि भरलेला गॅस धरून साधारण ५०-६० किलो कायमचे गाडीत चढतात, आणि तेही मागच्या बाजूला, जिथे ट्रेलरचं नाक आधीच दाबत असतं. नाकाचा भार म्हणजे टो बॉलवर, गाडीमागच्या ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर, सरळ खाली पडणारं वजन, तो साधारणपणे ट्रेलरच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवतात, म्हणजे १००० किलोच्या ट्रेलरला ५० ते ७० किलो. त्यात डिकीतलं सामान आणि मागच्या सीटवरची माणसं आली की मागचा अॅक्सल कधी मर्यादेबाहेर गेला ते कळतही नाही. अंदाजावर जाऊ नका, सगळं भरून, ट्रेलर जोडून एकदा वजनकाट्यावर न्या आणि मागची चाकं वेगळी मोजून घ्या.

आता इंजिन. तेल खाणारं, अडखळणारं इंजिन गॅसवर सुधारत नाही, लपलेला रोग बाहेर पडतो एवढंच. किट बसवायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो त्याची तपासणी) करून आकडे लिहून ठेवा, पुढे काही झालं तर तुलनेला हेच आकडे कामाला येतात. प्लग नवीन घाला, प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी कॉइल आणि असतील तर प्लगच्या वायरी तपासा, कारण गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं आणि लोड आला की अजून जास्त, बरेच जण म्हणून प्लगचा गॅप ०.१ मिलिमीटरने कमी ठेवतात. पेट्रोलवर कधीच न जाणवणारी कमजोर कॉइल गॅसवर चढाला मिसफायर द्यायला लागते, आणि तसंच रेटत राहिलात तर न जळलेला गॅस सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतो आणि तो आतून वितळतो.

सगळ्यात जास्त वेळ इंजिनच्या व्हॉल्व्हसाठी काढा, हे मी कळकळीने सांगतोय. पेट्रोल इनटेकमध्ये ओलं पडतं, वाफ होताना थोडा गारवा देतं, गॅस मात्र कोरडा येतो. व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना ज्या कड्यावर टेकतो ते, मऊ धातूची असेल तर सतत जास्त आरपीएम आणि जास्त लोडला, म्हणजे नेमकं ट्रेलर ओढतानाच, व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो. बाहेरून काही आवाज येत नाही, उलट टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) क्लिअरन्स, म्हणजे मोकळी फट, कमी होत जातो त्यामुळे इंजिन आधीपेक्षा शांतच वाटतं, आणि एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायचाच थांबतो. आमच्या गाडीचं असंच झालं. किट लावून दहा-बारा हजार किलोमीटर झाले होते, सकाळी थंड स्टार्टला गाडी एका सिलिंडरवर लंगडायची आणि मिनिटभरात ठीक व्हायची, मी प्लगवर ढकलत राहिलो. शेवटी कव्हर उघडलं तेव्हा इनटेकच्या बाजूचे टॅपेट जागेवर होते आणि तिसऱ्या सिलिंडरच्या एग्झॉस्टला फट मोजायच्या फिलर गेजची सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा आत जात नव्हती, मेकॅनिकने दोनदा फिरवून बघितलं, गॅपच नाही. हेड उतरवावं लागलं. म्हणून तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत की हाताने सेट करायचे ते आधी शोधून काढा. हायड्रॉलिक असतील तर ते काही प्रमाणात आपलं आपण सांभाळून घेतात, साधे असतील तर किट बसवायच्या दिवशीच सगळे क्लिअरन्स मोजून लिहून ठेवा आणि पहिल्यांदा १०,००० किलोमीटरलाच परत मोजा. त्याच मॉडेलच्या गॅसवाल्या गाड्यांचे हेड टिकतात की बसतात हे दोन-तीन जुन्या मेकॅनिकना विचारा, आणि मऊ सीटचं इंजिन निघालं तर माझा सल्ला स्पष्ट आहे, त्या गाडीला ओढायचं काम गॅसवर देऊ नका. व्हॉल्व्हसाठी थेंब थेंब लिक्विड सोडणारी बाटली मिळते, तिने झीज कमी होते असं म्हणतात, मी तिच्या भरवशावर राहणार नाही.

किट निवडताना गॅस हवेत आधीच मिसळून देणाऱ्या साध्या मिक्सरवाल्यापेक्षा सिक्वेन्शियल इंजेक्शनचंच घ्या. यात गॅसचा ईसीयू (किटचा छोटा कॉम्प्युटर) पेट्रोल इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडला असता ते वाचतो, त्याला ठरलेल्या प्रमाणाने वाढवतो आणि तेवढा वेळ गॅसचा इंजेक्टर उघडतो. डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन असेल तर त्याचं किट वेगळं येतं आणि गॅसवर चालतानाही थोडं पेट्रोल जळत राहतं, कारण पेट्रोल इंजेक्टर थेट ज्वलनाच्या जागी असतात आणि त्यांना थंड ठेवावं लागतं, हा खर्च हिशोबात धरा. रिड्यूसर, म्हणजे टाकीतल्या द्रव गॅसची वाफ करून प्रेशर उतरवणारा भाग, मात्र सढळ हाताने घ्या. त्यावर किती एचपीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, इंजिन १२० एचपीचं असेल तर १२० वाला नको, २५-३० टक्के जास्तीचा घ्या. द्रव गॅसची वाफ करायला उष्णता लागते, ती रिड्यूसर इंजिनच्या गरम कूलंटमधून घेतो, चढाला गॅसची मागणी वाढली आणि रिड्यूसर लहान पडला की तो गार पडत जातो, प्रेशर खाली येतं आणि गाडी ऐन वळणावर बीप करून पेट्रोलवर उडी मारते. कूलंटमध्ये हवा अडकली असेल तरी हेच होतं, रिड्यूसरवर अक्षरशः पांढरं दव गोठलेलं दिसतं. तो रेडिएटरच्या वरच्या पातळीपेक्षा खाली बसवायला सांगा आणि काम झाल्यावर दोन्ही पाइपांवर हात ठेवून बघा, इंजिन तापल्यावर दोन्ही सारखेच गरम लागले पाहिजेत.

इंजेक्टरचंही तसंच. ४००० आरपीएमला एका सिलिंडरची पूर्ण फेरी ३० मिलिसेकंदांत संपते, ६००० ला २० मध्ये, म्हणजे गॅस सोडायला वेळ तेवढाच. नोजल बारीक असेल तर फुल लोडला इंजेक्टर जवळजवळ उघडाच राहतो, तरी गॅस पुरत नाही.

टाकीच्या आधी टो बार, म्हणजे टो बॉल धरणारा मागचा लोखंडी दांडा. हा क्रम उलटा झाला की फार मनस्ताप होतो, कारण टो बारचे हात मागच्या चॅसीला बोल्टने धरतात आणि स्टेपनीच्या खड्ड्यातली गोल टाकी, तिचे बोल्ट, पाइप आणि सायलेन्सर सगळे त्याच हातभर जागेत भांडत असतात. दोन्ही कामं वेगवेगळ्या माणसांकडे असतील तर दोघांना एकदा गाडीखाली एकत्र उभं करा. गॅस भरायचं तोंड बंपरमध्ये खाली नको, ट्रेलर जोडलेला असताना त्याच्या दांड्याच्या आणि बंपरच्या मधे गुडघे टेकून नोजल फिरवावं लागतं, पेट्रोलच्या झाकणाजवळ किंवा बाजूच्या पत्र्यावर घ्या. स्टेपनीची जागा टाकीने खाल्ली की स्टेपनी कुठे ठेवणार ते आत्ताच ठरवा, ट्रेलर ओढणाऱ्याने पंक्चर किटवर भागवू नये असं माझं ठाम मत आहे, आणि ट्रेलरच्या चाकाचीही वेगळी स्टेपनी लागते.

टाकी ८० टक्केच भरते, द्रव गॅस उन्हात फुगतो म्हणून वरची जागा मोकळी ठेवावीच लागते आणि तिथला व्हॉल्व्ह आपोआप भरणं थांबवतो. म्हणजे ६० लिटरच्या टाकीत ४८ लिटर. पेट्रोलवर साडेबाराचं अॅव्हरेज देणारी गाडी गॅसवर दहाच्या आसपास देते, कारण एका लिटर गॅसमध्ये ऊर्जाच कमी असते, आणि मागे उंच कॅरॅव्हॅन असली की सहा-साडेसहावर आलं तरी नवल नाही. एका टाकीत पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, हा आकडा धरून तुमच्या रस्त्यावरचे गॅस पंप नकाशावर मोजा, आणि ट्रेलरसकट आत शिरून बाहेर पडता येईल असे किती आहेत तेही बघा.

ट्यूनिंग ट्रेलर जोडूनच करून घ्या, हे कोटेशन घेतानाच सांगून ठेवा, फिटर नाही म्हणाला तर दुसरा शोधा. कारण असं की साध्या चालण्यात मिश्रण थोडं चुकलं तर गाडीचा ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून सावरून घेतो, पण अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर बहुतेक इंजिनं त्या सेन्सरकडे बघत नाहीत, ठरलेल्या तक्त्यावर चालतात. तिथे गॅस कमी पडत असेल तर कोणी सावरत नाही, इंजिन कमी गॅसवर तापत राहतं आणि डॅशबोर्डवर एक दिवा लागत नाही. ट्रेलर जोडून, लॅपटॉप बाजूच्या सीटवर, एक लांब चढ, तिसऱ्या गिअरमध्ये, गॅस प्रेशर आणि इंजेक्शनचा वेळ रेकॉर्ड करत. मग तोच चढ पेट्रोलवर. पेट्रोल आणि गॅस यांतले फ्युएल ट्रिमचे (ईसीयू इंधन किती कमी-जास्त करून सावरतोय त्याचे) आकडे एकमेकांच्या जवळ यायला हवेत, आणि प्रेशर चढभर एका जागी राहायला हवं. वाइडबँड सेन्सर (मिश्रण नेमकं मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) लावून फुल लोडचं मिश्रण मोजणारा फिटर भेटला तर त्याला सोडू नका.

कूलिंगकडे कानाडोळा नको, रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंखा, कूलंट सगळं किट बसवतानाच बघून घ्या. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल बदला आणि वेगळा ऑइल कूलर लागतो का ते विचारा. इंजिन ऑइल गॅसवर सोनेरीच दिसतं म्हणून लोक बदलायचं लांबवतात, तसं करू नका, उष्णतेने ते खराब होतंच, फक्त काळं होत नाही.

कागद लवकर उरकतो: गाडीच्या नोंदणीत इंधन बदलल्याची नोंद, विमा कंपनीला लेखी कळवणं, टाकीचं सर्टिफिकेट आणि तिच्यावर कोरलेली तारीख जुळते का बघणं. काही भुयारी पार्किंग आणि बोगद्यांत गॅसच्या गाडीला बंदी असते, रस्ता ठरवताना तेही पाहा. आणि स्वयंपाकाचं सिलिंडर गाडीत, कुणी कितीही सोपं आहे म्हणालं तरी, नाही. त्यातून वरून वाफ निघते, गाडीच्या टाकीतून खालून द्रव उचलला जातो, त्यात ८० टक्क्यांना थांबवणारा व्हॉल्व्हही नसतो. गॅस हवेपेक्षा जड आहे, गळला तर उडून जात नाही, डिकीच्या तळाशी साचून राहतो. गाडी घेताना साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन जा, प्रत्येक जोडावर लावा आणि अर्धा मिनिट नुसतं बघत बसा, बारीक गळतीचा बुडबुडा सावकाश मोठा होतो.

पहिल्या लांब प्रवासाच्या आधी आठवडाभर रिकामी गाडी गॅसवर चालवा, मग ट्रेलर अर्धा भरून. पेट्रोलची टाकी कधीच पावच्या खाली नको, स्टार्ट पेट्रोलवरच होतो आणि बऱ्याच गाड्यांत गॅसवर असतानाही टाकीतला पंप फिरत असतो, तो पेट्रोलमध्ये बुडालेला असेल तरच थंड राहतो. डिकीत गॅस ईसीयूचा फ्यूज, दोन्ही गॅस फिल्टर, एक जादा प्लगचा सेट आणि कूलंटची बाटली ठेवा. घाटाच्या पायथ्याशी थांबून बॉनेट उघडा, रिड्यूसरला हात लावा, गरम असेल तर निघा.