जुना साचा शॉटगन स्लगचाच आहे का, कसं ओळखायचं

अमेरिकेत गराज सेल नाहीतर गन शोमधे जुनं लोखंड चाळत बसलात की कधीतरी लाकडी मुठींचा, सांडशीसारखा दिसणारा साचा हाती लागतोच आणि विकणारा "स्लगचा आहे" म्हणून मोकळा होतो (स्लग म्हणजे शॉटगनमधून छऱ्यांऐवजी उडवायची शिशाची एकच जाड गोळी, आणि साचा ती ओतायचा). लगेच पैसे काढू नका.

आधी चुंबक लावा. लायमन कंपनीचा लोखंडी, चिकटतो. ली कंपनीचा अ‍ॅल्युमिनियमचा, चिकटत नाही. मग जुन्या टूथब्रशला रॉकेल लावून बाजू घासा, गंजाखाली नंबर असतो. लायमनचा 2654612 म्हणजे 12 गेज (गेज म्हणजे बंदुकीच्या नळीचं माप), 2654620 म्हणजे 20 गेज, शेवटचे दोन आकडेच बघायचे. 2654112 मात्र वेगळा, त्याची गोळी कंबर आवळल्यासारखी, 525 ग्रेनची, म्हणजे साधारण 34 ग्रॅमची.

नंबर दिसतच नसेल तर कॅलिपरने साच्याच्या पोकळीची रुंदी मोजा. 12 गेजची नळी साधारण 18.5 मिमी, 20 गेजची 15.6 (गेज म्हणजे एका पौंड शिशात नळीच्या मापाच्या किती गोल गोळ्या होतात, म्हणून आकडा वाढला की नळी बारीक, माझा इथे पहिल्यांदा पार गोंधळ झाला होता). पण लीचा 12 गेजवाला 17.5 च्या आसपास भरतो, कारण त्याचा स्लग काडतुसातल्या प्लॅस्टिकच्या कपात बसतो, त्यामुळे माप कमी आलं म्हणून लगेच नाही म्हणू नका.

खरा घोळ मिनी बॉलचा. तोही स्लगसारखाच बुडाला पोकळ, पण नाक टोकदार आणि अंगावर आडव्या खाचा, तो जुन्या ठासणीच्या बंदुकीचा. लीच्या स्लगच्या पोकळीत मधोमध आडवी भिंत येते, म्हणजे साच्याच्या पिनला (ही पोकळी पाडणाऱ्या दांड्याला) चीर हवी. पिनच गायब असेल तर तो साचा पेपरवेट, सोडून द्या.

तरी शंका असेल तर शिसं वितळवू नका, मेणबत्तीचं मेण ओता. आकार डोळ्यासमोर येतो, आणि सोनाराच्या काट्यावर तोलून साडेबाराने गुणलं की शिशाचं वजन अंदाजे कळतं. 2 ग्रॅम मेण आलं तर 25 ग्रॅम, म्हणजे लीचा 7/8 औंसवाला.

आठवण म्हणून भारतात न्यायचा विचार असेल तर राहू दे, तिकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे, कस्टमवाल्यांना समजावत कोण बसणार. जुन्या साच्याला शिशाची पूड असते, हात साबणाने धुवा आणि लोखंडी असेल तर मेण काढल्यावर तेलाचा बोळा फिरवा.