पोर्तुगालमधल्या भाडेकरारासाठी औपचारिक पोर्तुगीज कशी शिकावी

लिस्बन किंवा पोर्तोला गेलेला माणूस दुकानात, बसमध्ये चार शब्दांवर निभावून नेतो. भाड्याच्या घराचं तसं नसतं. घरमालकाशी फोनवर कितीही सविस्तर बोलणं झालं, तरी घर सोडण्याची रीतसर सूचना म्हणून ते धरलं जात नाही. म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करत बसण्यापेक्षा पत्रात लागणारी पाच-सहा पूर्ण वाक्यं आधी तोंडात आणि हातात बसवावीत, असं माझं ठाम मत आहे.

पहिली पायरी म्हणजे कराराचा नमुना मिळवणं. त्याला तिथे 'मिनूत' म्हणतात. करार म्हणजे 'कोंत्रातु द अरेंदामेंतु'. घरमालक 'सन्योरीउ', भाडेकरू 'अरेंदातारिउ' (बोलताना बहुधा 'इंकिलीनु'), भाडं 'रेंद', अनामत 'काउसांव', जामीनदार 'फियादोर'. पहिल्या परिच्छेदानंतर ही नावं बरेचदा गायब होतात आणि फक्त 'प्रिमेइरु ओतुर्गांत' व 'सेगुंदु ओतुर्गांत', म्हणजे पहिला व दुसरा पक्ष, एवढंच उरतं. आपण कितवे, हे पेन्सिलीने समासात लिहून ठेवा. बरीच ॲप्स ब्राझीलची पोर्तुगीज शिकवतात. तिथला 'अलुगेउ' इथल्या घरकरारात भेटत नाही.

मग पैशांचं कलम मोठ्याने वाचा. त्यात 'प्रिमेइरु दीय ऊतिल' आलं, तर तो महिन्याचा कामाचा पहिला दिवस. वेगळं काही ठरलं नसेल तर पुढच्या महिन्याचं भाडं आदल्या महिन्याच्या या दिवशी द्यावं लागतं. चुकलं तर भरपाईसाठी आठ दिवस मिळतात. त्यानंतर थकलेल्या भाड्यावर 20 टक्के दंड मागता येतो.

खरी मेहनत पुढच्या जोडीवर घ्यावी. 'ओपुझिसांव आ रनुवासांव' म्हणजे मुदत संपल्यावर करार पुढे चालू ठेवायला नकार. 'दनूंसिय' म्हणजे मुदतीच्या मध्येच करार सोडणं. एक वर्षाच्या करारात पहिल्यासाठी 90 दिवस आधी कळवावं लागतं, दुसऱ्यासाठी 120 दिवस, आणि तेही मुदतीचा एक तृतीयांश भाग उलटल्यावरच. दिवस कमी पडले तर तेवढ्या काळाचं भाडं भरावं लागतं. म्हणून पत्राच्या विषयाच्या ओळीत यांपैकी नेमका कोणता शब्द जातोय, हे दोनदा तपासा.

आता पत्र. सुरुवात 'एइश्सेलेंतीसिमु सन्योर' अशी, पुढे पूर्ण नाव. नंतर हे वाक्य:

'वेन्यु पुर एश्त मेयु कुमुनिकार आ वोस एइश्सेलेंसिय आ मिन्य ओपुझिसांव आ रनुवासांव दु कोंत्रातु द अरेंदामेंतु.'

म्हणजे, 'कराराच्या नूतनीकरणास माझा विरोध असल्याचे या पत्राद्वारे आपणांस कळवतो.' पुढे कराराची तारीख, घराचा पत्ता, घर रिकामं करण्याचा दिवस. शेवटी 'कों उश मल्योरश कुंप्रिमेंतुश' आणि सही. हे पत्र रोज एकदा हाताने लिहा आणि फक्त मधलं वाक्य बदलत जा: 'सुलिसीतु आ दवुलुसांव दा काउसांव' म्हणजे अनामत परत मागणं, 'सुलिसीतु उ रसीबु द रेंद' म्हणजे भाड्याची पावती मागणं. 'सुलिसीतु' हे एकच क्रियापद पक्कं झालं की निम्मी पत्रं लिहून होतात. चावी परत करण्याचं वाक्य आपल्या कानाला लगेच ओळखीचं वाटेल. तिथला शब्द 'शाव्ह' आहे आणि आपली चावी त्यातूनच आलेली आहे.

पत्र साध्या टपालाने पाठवू नका. पोस्टाच्या खिडकीवर 'कार्त रजिश्ताद कों अवीझु द रसेसांव' असं सांगा: पोचपावतीसह रजिस्टर पत्र. पाठवण्याआधी पत्राची प्रत काढा आणि परत आलेली पोचपावती तिला टाचून करारासोबत ठेवा.