टोमॅटो लावण्याआधी: किडींच्या बंदोबस्ताची तयारी

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात टोमॅटो लावायचा तर कामाला ऑगस्टमध्येच लागावं लागतं, आणि पहिली खरेदी झेंडूच्या बियाण्याची. उंच वाढणारा आफ्रिकन झेंडू घ्या. झेंडूचं रोप 45 दिवसांचं आणि टोमॅटोचं 25 दिवसांचं झालं की दोन्ही बरोबर लावायची. मग दोघं साधारण एकाच वेळी फुलावर येतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीची मादी अंडी घालायला झेंडूकडे वळते. म्हणजे झेंडू 20 दिवस आधी टाकायचा. टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची एक, या हिशेबानं रोपं धरा. बांधावर शोभेपुरती चार झाडं लावून काही होत नाही.

रोपं घरीच करणार असाल तर गादीवाफ्यावर 40 मेशची नायलॉन जाळी ताणून कडा मातीत दाबा. पांढरी माशी पर्णगुच्छाचा विषाणू आणते, आणि तो लागलेल्या रोपाला कुठलंच औषध चालत नाही. नर्सरीतून आणायची असतील तर स्वतः जा, पानं उलटून बघा. जुना टोमॅटो शेजारी उभा असेल तर तो आधी उपटा. कडेनं मक्याच्या दोन-तीन ओळीही लागवडीआधीच पेरून ठेवा.

निंबोळ्या जून-जुलैत वेचून सावलीत वाळवलेल्या असतील तर उत्तम. पाच किलो चूर्ण रात्रभर भिजवून, गाळून 100 लिटर पाणी केलं की 5 टक्के अर्क होतो.

सापळ्यांत पिवळे पांढऱ्या माशीला, निळे फुलकिड्यांना. कामगंध सापळ्यांच्या ल्यूर (नर पतंगाला वासानं ओढणाऱ्या गोळ्या) मात्र नाव वाचूनच घ्या: फळ पोखरणाऱ्या अळीची वेगळी, पानं-फळं आतून खाणाऱ्या टूटा या दुसऱ्या अळीची वेगळी. दुकानात ‘टोमॅटोची’ म्हणून एकच पुडी हातात पडते.

ही टूटा मूळची दक्षिण अमेरिकेची, आपल्याकडे 2014 मध्ये सापडली. साधी नागअळी पानात नागमोडी पांढरी रेघ ओढते. टूटा आतला गर खाऊन रुंद चट्टा पाडते. पान उजेडाला धरलं की त्यात काळी विष्ठा दिसते. फळाला देठाजवळ टाचणीएवढं भोक असतं. अशी पानं-फळं भरून न्यायला प्लास्टिकच्या पिशव्या आधीच आणून ठेवा, तोडून सरीत टाकणं म्हणजे अळी पोसणं.

एचएनपीव्ही, म्हणजे फळ पोखरणाऱ्या अळीला मारणाऱ्या विषाणूचं औषध, सगळ्यात शेवटी, लागेल तेवढंच आणा आणि थंड जागी ठेवा. फवारायला माणूस सांगताना संध्याकाळचाच सांगा, कारण कडक उन्हात ते निकामी होतं.