इंग्रजी शिव्या ऐकायच्या कशा आणि वापरायच्या किती

लंडन, डब्लिन नाहीतर सिडनीच्या टीमबरोबर काम सुरू केलेल्या आपल्या पोरापोरींना सुरुवातीला एक गोष्ट हमखास खटकते, ती म्हणजे तिकडची शिकलीसवरलेली माणसं मीटिंगमध्ये सरळ शिव्या घालतात आणि कुणी मानसुद्धा वर करून बघत नाही. मग दोनातलं एक होतं, एकतर बिचारे प्रत्येक शिवी मनाला लावून घेतात, नाहीतर चार दिवसांत स्वतःच जिथेतिथे फक फक करायला लागतात. दोन्हीत नुकसान आपलंच. शाळेत हे कुणी शिकवत नाही, स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये तर नाहीच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, आणि शिव्या जशाच्या तशा लिहितोय कारण फुल्या मारून हे समजावता येत नाही.

आधी आपलं च्यायला घ्या. किल्ली हरवली तरी च्यायला, सापडली तरी च्यायला, शेवटच्या बॉलवर सिक्स गेला तरी च्यायलाच. त्यात कुणाच्या आईचा काही संबंध नसतो. पण तोच शब्द पूर्ण उलगडून, समोरच्याकडे बघत, पुढे 'तुझ्या' लावून म्हणा, हाणामारी होईल. इंग्रजीतही सगळ्यात आधी हेच बघायचं, शिवी पडतेय कुणावर. 'व्हेअर इज द फकिंग चार्जर' यात शिवी चार्जरला आहे, तुम्हाला नाही. 'आय फक्ड अप' म्हणजे माणूस स्वतःची चूक मोकळेपणाने कबूल करतोय, उलट चांगली गोष्ट आहे. 'वी आर बगर्ड' म्हणजे आपली वाट लागली, चला आता काय करायचं ते ठरवू. वाक्यात 'यू' आला की मात्र कान टवकारायचे.

आणि 'यू' नसतानाही एक फसवी जागा आहे, ती जरा जवळून बघू. समजा तुम्ही सोमवारी सकाळी कॉलवर सांगितलंत की मला विम्बल्डनच्या सेंटर कोर्टची तिकिटं लागली, आणि मँचेस्टरचा तुमचा सहकारी ओरडतो, 'फक ऑफ!' पण त्याच्या भुवया वर गेल्यात, तोंड उघडं आहे, 'ऑफ' लांबवलंय आणि आवाज चढत गेलाय. याचा अर्थ 'काय सांगतोस काय!', दुसरा काही नाही. उत्तर द्यायचं 'आय नो!' आणि हसायचं. खरा फक ऑफ वेगळा ऐकू येतो, आवाज खाली असतो, दोन्ही शब्द तोडून येतात, नजर हलत नाही आणि त्यानंतर माणूस गप्प होतो. शब्द तेच पण सूर वेगळा, म्हणून चॅटवर वाचलेल्या शिवीवरून लगेच निष्कर्ष काढू नका, माणसाचा आवाज ऐकून घ्या.

आता छोट्या शब्दांकडे लक्ष द्या, कारण खरा घोळ तिथे होतो. 'धिस इज शिट' म्हणजे हे भंगार आहे आणि 'धिस इज द शिट' म्हणजे एकदम कडक, फरक एका 'द'चा. ब्रिटनमध्ये 'बॉलॉक्स' म्हणजे काहीतरी बकवास, पण 'द डॉग्ज बॉलॉक्स' म्हणजे नंबर एक, त्यामुळे तुमच्या कामाला कुणी असं म्हटलं तर थँक्यू म्हणायचं. 'फक ऑल' किंवा 'बगर ऑल' म्हणजे काहीच नाही, 'आय नो बगर ऑल अबाउट टॅक्स' म्हणजे टॅक्समधलं मला शून्य कळतं. 'कान्ट बी आर्स्ड' म्हणजे कंटाळा आलाय, उठवत नाही. 'टेकिंग द पिस' नीट लक्षात ठेवा, त्याचे दोन अर्थ चालतात, एक चेष्टा करणं आणि दुसरा समोरच्याने गैरफायदा घेणं, म्हणजे घरमालकाने एकदम भाडं वाढवलं की लोक म्हणतात 'ही इज टेकिंग द पिस'. 'पिसिंग डाउन' हा नुसता धो धो पाऊस. आणि 'पिस्ड' ब्रिटनमध्ये म्हणजे टाइट, प्यायलेला, अमेरिकेत म्हणजे भडकलेला, त्यामुळे 'द बॉस वॉज पिस्ड' ऐकल्यावर बोलणारा कुठला आहे ते आधी बघा!

मला यातला सगळ्यात भारी प्रकार वाटतो तो शब्दाच्या पोटात शिवी घुसवण्याचा. 'ॲब्सो-ब्लडी-लूटली', 'फॅन-फकिंग-टॅस्टिक'. एरवी इंग्रजीत शब्दाच्या मधे काही घालायची पद्धत जवळपास नाहीच, पण इथे आहे आणि तिलाही नियम आहे, शब्दात ज्या अक्षरावर मुख्य जोर पडतो त्याच्या बरोबर आधी शिवी बसते. 'फॅन्टॅस-फकिंग-टिक' कुणी म्हणणार नाही, लहान पोरगासुद्धा हे चुकत नाही. शिव्यांना व्याकरण नसतं असं म्हणणाऱ्यांना हे जरूर ऐकवा.

देश आणि काळ बदलला की वजन बदलतं. १९१४ साली लंडनमध्ये बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' आलं, ज्याच्यावरून पुलंनी 'ती फुलराणी' केलं, तर त्यात एलायझा 'नॉट ब्लडी लाइकली' म्हणते आणि तेवढ्या एका 'ब्लडी'वरून तेव्हा केवढी खळबळ झाली होती. आज ब्रिटनच्या ऑफकॉम या प्रसारण नियामक संस्थेच्या यादीत ब्लडी सौम्य गटात आहे. तरी २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन खात्याने 'व्हेअर द ब्लडी हेल आर यू' अशी जाहिरात केली, त्यांना ती आपुलकीची हाक वाटत होती, आणि ब्रिटनमध्ये टीव्हीवर तिला सुरुवातीला बंदी घातली गेली.

क्रिकेटवाल्यांना २००८ ची सिडनी टेस्ट आठवत असेल. सगळ्यांना हरभजन आणि सायमंड्सचं प्रकरण लक्षात आहे, पण त्याच सामन्यात ब्रॅड हॉगवर कुंबळे आणि धोनीला 'बास्टर्ड' म्हटल्याचा आरोप होता, नंतर आपल्या बाजूने तो मागे घेतला गेला. ऑस्ट्रेलियात 'लकी बास्टर्ड', 'पुअर बास्टर्ड' दिवसभर चालतं, आपल्याकडे तो शब्द थेट घराण्यावर जातो. मला वाटतं दोन्ही बाजूंना आपापल्या जागी खरंच तसं वाटत असणार, आणि म्हणूनच ही माहिती आधी असलेली बरी. तोच नियम सी वर्डला, म्हणजे 'कंट' या बाईच्या अंगावरून आलेल्या शिवीला, स्कॉटलंड आणि ऑस्ट्रेलियात मित्रामित्रांत तो ऐकू येईल, अमेरिकेत बाईसमोर उच्चारलात तर नोकरीवर येऊ शकतं. आपण तो वापरायचाच नाही, कुठेच नाही.

वापरायच्या किती, तर आधी हे समजून घ्या की परक्या भाषेतली शिवी आपल्याला आतून लागत नाही. यावर अभ्यास झालेत, बहुतेक माणसांना शिवीचा जोर पहिल्या भाषेतच जास्त जाणवतो. म्हणून तर आपल्याकडची पोरं आजीसमोर 'शिट' म्हणतात आणि घरात कुणाला काही वाटत नाही, तेच मराठीत म्हटलं असतं तर कानाखाली बसली असती. अडचण ही की तुम्हाला हलका वाटणारा शब्द समोरच्याच्या पहिल्या भाषेतला आहे, त्याला पूर्ण वजनानिशी लागतो. तेव्हा नवीन ठिकाणी गप्प बसून ऐका, कोण कुणासमोर काय म्हणतं, वरच्या माणसासमोर कोण आवरतं, क्लायंट कॉलवर आला की भाषा कशी बदलते. बॉस शिवी देतो म्हणून तुम्हाला परवानगी मिळत नाही. लहान मुलं आसपास असतील तर अजिबात नाही, ब्रिटनमध्ये टीव्हीवरसुद्धा रात्री ९ च्या आधी जोरदार शिव्या दाखवत नाहीत. आणि ऑफिसच्या मेलवर, चॅटवर लिहून तर कधीच नाही, डब्ल्यूटीएफ (व्हॉट द फक) आणि एफएफएस (फॉर फक्स सेक) हेसुद्धा शिव्यांतच धरा कारण तिथे तुमचा सूर जात नाही, फक्त अक्षरं उरतात आणि ती वर्षानुवर्षं राहतात.

अगदीच तोंडातून काही निघायला हवं असेल तर ब्रिटनमध्ये 'ब्लडी हेल' किंवा 'फ्लिपिंग', आयर्लंडमध्ये 'फेक' (feck, फकचं सौम्य रूप), अमेरिकेत 'डॅम', 'हेक', 'फ्रीकिंग' यांवर भागतं. अमेरिकेतल्या धार्मिक घरांत मात्र 'जीझस ख्राइस्ट' असं ओरडू नका, तिथे ते शिटपेक्षा जास्त लागतं.

जपून वापरायला अजून एक कारण आहे. ब्रिटनच्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना बर्फाच्या पाण्यात हात धरायला लावले, शिवी देणाऱ्यांना जास्त वेळ सहन झालं, २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि पुढच्या वर्षी त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. पण २०११ च्या पुढच्या प्रयोगात दिसलं की जे रोज भरपूर शिव्या देतात त्यांना हा फायदा कमी मिळतो. म्हणजे पायावर कपाट पडेल त्या दिवसासाठी शिल्लक ठेवा.

आता गंभीर भाग. वंशावरून, रंगावरून, धर्मावरून, अपंगत्वावरून दिलेले शब्द या सगळ्या गमतीत येत नाहीत, आज तिकडे ते फकपेक्षा कितीतरी जड धरले जातात. ब्रिटनमध्ये 'पाकी' हा शब्द आपल्यासारख्या दिसणाऱ्या कुणालाही मारला जातो, तो हसून सोडायचा नाही आणि क्रिकेटच्या गप्पांत पाकिस्तानच्या टीमसाठी आपणही तो तिकडे वापरायचा नाही. आपल्याकडे सहज बोलून जातो, तिकडे तीच वर्णद्वेषी शिवी आहे. काळ्या लोकांवरचा एन वर्ड गाण्याबरोबर गुणगुणतानासुद्धा गाळायचा.

आणि कुणी खरोखर तुमच्यावरच शिवी टाकली, सूर खालचा, नजर रोखलेली, तर उलट शिवी देऊ नका, परक्या भाषेत आपण तिथे हरतोच. शांत आवाजात 'प्लीज डोन्ट टॉक टू मी लाइक दॅट' एवढं म्हणा आणि थांबा. बऱ्याचदा समोरचा तिथेच सॉरी म्हणतो. नाही म्हणाला तर तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तिथे कोण कोण होतं ते त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि परत झालं तर तो कागद घेऊन एचआरकडे जा, शब्द जसेच्या तसे सांगा, लाजून गाळू नका.