आगमनकाळाचं कडं आणि पहिला उपदेश

आगमनकाळ म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचा काळ. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या आमच्या ल्युथरन (प्रोटेस्टंट) मंडळीत वेदीवर जांभळं कापड मी पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारीच अंथरते. मग कडं, म्हणजे हिरव्या डहाळ्यांचं गोल वलय. फरच्या छोट्या जुड्या एकाच दिशेने तारेने बांधा, प्रत्येक जुडीने आधीचे देठ झाकले पाहिजेत. मेणबत्त्या चार, दर रविवारी एक वाढवत पेटवायच्या. याच शहरात १८३९ साली धर्मशास्त्रज्ञ विखर्न यांनी गरीब मुलांसाठी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, तिथून ही रीत आली.

पहिल्या रविवारच्या उपदेशाला बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २१वा अध्याय घ्या: येशूचा यरुशलेमेत प्रवेश. घाईने गव्हाणीकडे, म्हणजे येशूच्या जन्मकथेकडे, वळू नका. गाढवावरून येणारा राजा सौम्य आहे, यावरच बोला. दुसऱ्या रविवारपासून ‘ग्लोरिया’ ही देवाच्या गौरवाची स्तुती गाऊ नका. नाताळच्या रात्री ती पुन्हा सुरू होते तेव्हा माझा गळा दाटतो.